रात्री नऊनंतर अडकणारा माइनक्राफ्ट सर्व्हर : लॅगच्या मुळाशी जाताना

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका कॉलेजच्या मित्रांनी चालवलेला हा माइनक्राफ्ट जावा एडिशनचा सर्व्हायव्हल सर्व्हर. सुरुवातीला वर्गातलेच दहा-बारा जण खेळायचे. मग कुणाचा धाकटा भाऊ आला, कुणाच्या मैत्रिणी आल्या, शिकायला जर्मनीला गेलेले दोघे-तिघे तिकडून जोडले गेले, आणि शनिवारी रात्री चाळीसच्या आसपास खेळाडू एकदम दिसू लागले. सर्व्हर सांभाळणारे तिघे. त्यांतला एक प्लगिनही, म्हणजे सर्व्हरला नव्या सोयी जोडणारे छोटे प्रोग्रॅमही, लिहितो. माझा संबंध एवढाच, की मी कामावर जावाच्या सर्व्हरांशीच झुंजत असतो, म्हणून त्यांनी मला बोलावलं. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि आकडे गोळाबेरीज करून दिले आहेत.

मशीन मुंबईतल्या डेटा सेंटरमधलं, भाड्याचं. ४ कोअर, १२ जीबी रॅम, उबुंटू, जावा २१, त्यावर पेपर १.२१, म्हणजे प्लगिन चालवणारं माइनक्राफ्टचं सर्व्हर-सॉफ्टवेअर. याच मशीनवर मायएसक्यूएल हा डेटाबेस होता, कारण बाजारपेठेचं प्लगिन मुलांनी स्वतः लिहिलेलं आणि त्यातल्या प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद डेटाबेसात जायची.

पुढचं समजायला खेळाची एक गोष्ट माहीत हवी. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक (जगाला पुढे नेणारे ठोके) चालवतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्राणी हलतात, पिकं वाढतात, रेडस्टोन (खेळातली वीजजोडणी) चालतो, खेळाडूंनी केलेल्या कृतींवर निर्णय होतात. यातलं जवळपास सगळं काम एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या कामाच्या एकाच धाग्यावर, होतं. नकाशाचे नवे चंक, म्हणजे चौकोनी तुकडे, तयार करणं, नेटवर्क, मेमरीतला कचरा उचलणारं जावाचं जीसी या गोष्टी इतर कोअरवर जातात. पण मुख्य थ्रेड अडला की उरलेले तीन कोअर मोकळे असूनही काही उपयोग होत नाही.

अडचण

तक्रारी महिनाभर येत होत्या आणि सगळ्या ‘लॅग’ या एका शब्दात जमा होत होत्या. त्या वेगळ्या करायला आम्ही खेळाडूंना नेमकं काय दिसतं ते विचारलं. उत्तरं दोन प्रकारची आली.

काही म्हणाले, शनिवारी सगळंच मंद होतं. भट्टीत लोखंड वितळायला वेळ लागतो, गाई संथ चालतात. दुसरे म्हणाले, मधेच एक झटका बसतो. फोडलेला ब्लॉक परत येतो, दार उघडत नाही, समोरचा झोंबी जागेवर थिजतो, आणि सेकंद-दीड सेकंदाने सगळं भराभर पुढे पळतं. एका मुलीने जाता जाता सांगितलं, “तेव्हा चॅट मात्र लगेच जातं.” त्या एका वाक्याने आमचं बरंच काम वाचवलं. साधा चॅट मुख्य थ्रेडची वाट न बघता पुढे जाऊ शकतो. झटक्याच्या वेळी चॅट नीट चालत असेल तर इंटरनेट ठीक आहे आणि सर्व्हरचा मुख्य थ्रेड कुठेतरी अडला आहे. टॅब दाबल्यावर दिसणारा पिंगही, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळही, नेहमीसारखाच होता.

ॲडमिनांना मात्र हे झटके कुठेच दिसत नव्हते. टीपीएस, म्हणजे सेकंदाला होणारे टिक, बघावा तर आठवड्याच्या मधल्या वारी तो वीसच. यामागे साधं गणित आहे. मंगळवारी वीस खेळाडू असताना एका टिकला सुमारे ३० मिलिसेकंद लागत होते. समजा एक टिक १२०० मिलिसेकंद चालला. सर्व्हर ११५० मिलिसेकंद मागे पडतो, पण मग न थांबता एकामागून एक टिक चालवून तो प्रत्येक टिकमागे २० मिलिसेकंद वाचवतो. साठेक टिकांत, म्हणजे दोन सेकंदांच्या आत, उधारी फिटते. मिनिटाचा सरासरी टीपीएस पुन्हा वीसच दिसतो.

‘सर्व्हरला झेपत नाही’ अशा अर्थाची ती प्रसिद्ध इशाऱ्याची ओळही सर्व्हर सुमारे २ सेकंद मागे पडल्यावरच लॉगमध्ये येते. मंगळवारच्या झटक्यांनी ती कधीच आली नाही. शनिवारी चाळीस जण आले की टिक मुळातच ५५ मिलिसेकंदांच्या वर जायचा, उधारी फिटायचीच नाही, आणि ती ओळ लॉगमध्ये सतत पडायची. त्यावरून ॲडमिनांनी निष्कर्ष काढला की अडचण फक्त शनिवारची आहे आणि कारण एकच : खेळाडू फार झाले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मोठा प्लॅन घेण्याचा, म्हणजे आणखी रॅम. हे एकदा करूनही झालं होतं. मशीन ८ जीबीचं १२ जीबी केलं आणि वाढलेली सगळी रॅम जावाच्या हीपला, म्हणजे जावाच्या कामाच्या मेमरीला, दिली. हीप १० जीबी झालं. फरक पडला नाही, तरी पुढचा सल्ला १६ जीबीचाच होता. कारण इंटरनेटवर लॅगवर पहिला उपाय हाच सांगतात. वर्गणी काढून चाललेल्या सर्व्हरला महिन्याचा वाढीव खर्च लहान नसतो.

दुसरा पर्याय, दर काही मिनिटांनी जमिनीवर पडलेल्या वस्तू आणि जास्तीचे प्राणी पुसून टाकणारं प्लगिन. हे मला मुळीच पटत नाही. मेल्यावर खेळाडूचं सामान जमिनीवर पडतं, ते उचलायला तो धावत येतो आणि तेवढ्यात ते पुसलं जातं. त्रास खेळाडूंना होतो, आणि खरं कारण या वस्तू आहेत की नाही हे कुणी बघितलेलंही नसतं.

तिसरा पर्याय, सिम्युलेशन डिस्टन्स, म्हणजे खेळाडूभोवती किती लांबपर्यंतचं जग चालू ठेवायचं ते अंतर, कमी करणं. मूळ सेटिंग १० असतं, म्हणजे खेळाडूभोवती २१ गुणिले २१, एकूण ४४१ चंकांचा चौकोन. ते ६ केलं की १६९ उरतात. याने भार हमखास उतरतो. पण लांबवर केलेली शेतं खेळाडू जवळ नसताना वाढायची थांबतात, आणि महिनोन्‌महिने खपून ती उभी केलेल्यांना ते लागतं.

चौथा पर्याय, काहीही बदलायच्या आधी मोजणं. पेपरच्या १.२१ पासून स्पार्क हा प्रोफायलर, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन, सोबतच येतो, त्यामुळे वेगळं काही बसवायचं नव्हतं. एका ॲडमिनची शंका होती, “पण दादा, प्रोफायलरनेच लॅग वाढला तर?” स्पार्क नमुने घेतो. दर ४ मिलिसेकंदांनी थ्रेड कुठे आहे एवढंच टिपतो, प्रत्येक फंक्शनच्या आत घड्याळ लावत नाही. चालत्या सर्व्हरवर तो बिनधास्त वापरता येतो. ठरलं की पुढचे काही दिवस कुणीही एकही सेटिंग बदलायचं नाही.

पहिली मोजणी

शनिवारी रात्री दहाच्या गर्दीत दहा मिनिटांचा नमुना घेतला. टिकचा मध्यक ५६ मिलिसेकंद, ९५ टक्के टिक ७० च्या आत, आणि सर्वांत मोठा टिक १४०० च्या पुढे. या तीन आकड्यांतून दोन दुखणी वेगळी दिसतात. मध्यक ५० च्या वर आहे, म्हणजे सततचा भार आहे. ९५ टक्के ७० च्या आत असताना एखादा टिक १४०० वर जातो, म्हणजे क्वचित होणारं आणि वेगळ्याच जातीचं काहीतरी आहे.

कॉलची उतरंड उघडली तेव्हा मुख्य थ्रेडचा निम्म्याहून जास्त वेळ जिवंत गोष्टींवर जात होता आणि त्यातला सिंहाचा वाटा व्हिलेजरांच्या (खेळातल्या गावकऱ्यांच्या) डोक्यावर, म्हणजे काय करायचं ते ठरवणं आणि वाट शोधणं यावर. सगळ्यांना हायसं वाटलं. गुन्हेगार सापडला, व्हिलेजर कमी करू, विषय संपला.

पहिला महत्त्वाचा निर्णय इथे झाला. मी थांबायला सांगितलं, कारण व्हिलेजरांचं काम टिकाटिकाला वाटलेलं असतं. सत्तर व्हिलेजर प्रत्येक टिक थोडा जड करतात, पण शंभर टिक गुण्यागोविंदाने चालून एकशे-एकावा अचानक दीड सेकंदावर कसा जाईल? नमुन्यातली सर्वांत मोठी पट्टी मध्यकाचं उत्तर देत होती. तक्रारी जास्त होत्या झटक्यांच्या, आणि दहा मिनिटांच्या एकूण वेळेत ते झटके मिळून काही सेकंदही भरत नव्हते. सरासरीत ते बुडूनच जाणार.

दुसरी मोजणी

स्पार्कला सांगता येतं की अमुक मिलिसेकंदांपेक्षा मोठ्या टिकांचेच नमुने ठेव. आम्ही २०० ची मर्यादा घातली आणि पुढच्या संध्याकाळी नमुना चालू ठेवला. काही झटके त्यात सापडले, पण आतमध्ये व्हिलेजर, हॉपर (वस्तू सरकवणारे ब्लॉक), पेपरची नेहमीची कामं असं सगळं थोडं थोडं होतं आणि ठळक काहीच नव्हतं. प्लगिन लिहिणारा मुलगा म्हणाला, प्रोफायलरलाच दिसत नाहीये.

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. १२०० मिलिसेकंदांचा टिक आणि दर ४ मिलिसेकंदांना एक नमुना, म्हणजे त्या टिकमधून सुमारे ३०० नमुने यायला हवेत. हाती आले होते दहा-वीस. लिनक्सवर स्पार्क आतून असिंक-प्रोफायलर वापरतो आणि आमचा नमुना सीपीयूच्या वेळेचा होता. थ्रेड प्रोसेसरवर धावत असेल तरच तो मोजला जातो. थ्रेड कशाची तरी वाट बघत बसला असेल तर त्याची नोंदच होत नाही. गायब असलेले २८० नमुने हाच आमचा पुरावा होता : झटक्याच्या वेळी मुख्य थ्रेड काम करतच नव्हता.

थ्रेड काम न करता थांबण्याची तीन कारणं संभवत होती. जीसीने सगळी जावा थांबवली असेल. मशीन भाड्याचं असल्यामुळे शेजारच्या ग्राहकाने प्रोसेसर खाल्ला असेल. किंवा थ्रेड बाहेरच्या कशाची तरी वाट बघत असेल. जीसी तपासायला स्पार्कचा टिक मॉनिटर लावून ठेवला. तो मोठा टिक आणि जीसीचा थांबा दोन्ही तिथल्या तिथे चॅटमध्ये कळवतो. झटके येत होते तेव्हा जीसी एक तर नव्हतंच, किंवा ४० मिलिसेकंदांच्या आसपास होतं. म्हणजे रॅमचा मुद्दा निकालात निघाला. शेजाऱ्याने चोरलेला वेळ टॉप या कमांडमध्ये एसटी नावाच्या आकड्यात दिसतो, तो शून्य-एक टक्का होता. उरलं एकच.

मग स्पार्कला त्याचं जुनं, जावाचंच इंजिन वापरायला लावलं. ते ठरावीक अंतराने थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कुठे आहे त्याची नोंद, घेतं, त्यामुळे थ्रेड धावतोय की थांबलाय याने फरक पडत नाही. पहिल्याच झटक्यात साखळी समोर आली : खेळाडूने दुकानाच्या पाटीवर क्लिक केलं, ती घटना बाजारपेठेच्या प्लगिनकडे गेली, तिथून मायएसक्यूएलचा कनेक्टर, आणि सगळ्यांत खाली सॉकेटमधून उत्तर येण्याची वाट. विशेष म्हणजे डंपमध्ये या थ्रेडची अवस्था ‘रनेबल’ लिहिलेली होती. नेटवर्कच्या नेटिव्ह कॉलमध्ये अडकलेला थ्रेड जावाला धावता वाटतो. ती अवस्था पाहून पुढे गेलं तर हे हातातून निसटतं.

मूळ कारण

दुकानाच्या पाटीवर क्लिक केलं की त्या दुकानातले शेवटचे दहा व्यवहार दिसायचे. त्यासाठीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मुख्य थ्रेडवरच चालायची. बँकेत एकच खिडकी उघडी असावी आणि तिथला कारकून एका ग्राहकासाठी जुनी वही शोधायला तळघरात निघून जावा, तसं व्हायचं. मागची सगळी रांग उभी.

वही का सापडत नव्हती, हे क्वेरी कशी चालते ते दाखवणारी एक्सप्लेन ही कमांड लावल्यावर कळलं. दुकानाच्या क्रमांकावर इंडेक्सच, म्हणजे पटकन शोधायची सूचीच, नव्हता. प्रकार ‘ऑल’, म्हणजे पूर्ण टेबल वाचणं, आणि ‘की’चा रकाना रिकामा. दहाच ओळी मागितल्या असल्या तरी त्या दुकानाच्या सगळ्या ओळी शोधून, वेळेनुसार लावल्याशिवाय शेवटच्या दहा कोणत्या हे डेटाबेसला कळणार नाही. टेबलात चार लाखांवर ओळी झाल्या होत्या, आणि प्रत्येक ओळीत विकलेल्या वस्तूची सगळी माहिती, तिच्यावरच्या जादूसकट, मजकुराच्या रूपात साठवलेली. सगळं मिळून सहाशे एमबीच्या आसपास. मायएसक्यूएलचा बफर पूल, म्हणजे टेबलं रॅममध्ये धरून ठेवायची जागा, मूळ सेटिंगला १२८ एमबीचा असतो आणि तो कुणी बदललेला नव्हता. दर क्लिकला टेबल जवळपास पूर्ण डिस्कवरून वाचलं जात होतं.

आणि रॅम वाढवूनही फरक का पडला नाही, त्याचंही उत्तर इथेच होतं. १२ पैकी १० जीबी जावाला दिलेली. सर्व्हर सुरू करण्याच्या ओळीत हीपचं प्रत्येक पान आधीच ताब्यात घेण्याचं फ्लॅग होतं, इंटरनेटवरच्या प्रसिद्ध फ्लॅगसंचातून उचललेलं. ते फ्लॅग चांगलंच आहे, पण त्यामुळे १० जीबी खरोखर अडकून पडले. हीपबाहेरचा जावाचा खर्च वेगळा. फायली रॅममध्ये धरून ठेवायला लिनक्सकडे जवळपास काही उरलंच नव्हतं. म्हणजे वाढीव ४ जीबी ज्याला गरज नव्हती त्याच्याकडे गेले आणि डेटाबेस उपाशीच राहिला.

काय केलं

इंडेक्स त्याच रात्री घातला, दुकानाचा क्रमांक आणि वेळ या दोन रकान्यांवर मिळून. आधी डेटाबेसची प्रत काढून तिच्यावर करून पाहिला. क्वेरी एक-दोन मिलिसेकंदांवर आली आणि दुसऱ्या दिवशी झटक्यांची तक्रार आली नाही.

इथे थांबायचा मोह होता. मी आग्रह धरला की क्वेरी मुख्य थ्रेडवरून हलवायचीच. रात्रीचा बॅकअप चालू असताना किंवा डिस्क मंदावल्यावर तीच दोन मिलिसेकंदांची क्वेरी पुन्हा सेकंदाची होईल, आणि तेव्हा ती इतकी क्वचित होईल की शोधणं आणखी अवघड.

हलवतानाही सरसकट हलवलं नाही. व्यवहारांची यादी दाखवणं हे फक्त वाचन आहे, ते शेड्युलरच्या असिंक, म्हणजे मुख्य थ्रेडला न थांबवता बाजूला चालणाऱ्या, टास्कमध्ये टाकलं. पण खिडकी उघडायला पुन्हा मुख्य थ्रेडवर यावं लागतं, कारण प्लगिन ज्यावर लिहितात त्या बकिटचं बहुतेक एपीआय दुसऱ्या थ्रेडवरून वापरायचं नसतं. आणि उत्तर येईपर्यंत खेळाडू बाहेर पडलेला असू शकतो, किंवा त्याने अधीरपणे तीनदा क्लिक केलेलं असू शकतं. म्हणून परत आल्यावर खेळाडू अजून आहे का ते पाहायचं, आणि एका खेळाडूची एकच मागणी एका वेळी चालू ठेवायची.

खरी चर्चा झाली खरेदीवर. पैसे वजा करणं आणि वस्तू देणं असिंक करावं का? प्लगिन लिहिणाऱ्याला सगळंच एका झटक्यात करायचं होतं. आम्ही नाही म्हटलं. पैसे आणि वस्तू यांच्यामध्ये क्षणभराची फट पडली की एकाच्या दोन वस्तू करण्याची वाट कुणीतरी शोधतोच, आणि एकदा बाजारात खोटे हिरे आले की लॅग परवडला अशी पाळी येते. शिल्लक रकमा सर्व्हरच्या मेमरीत होत्याच, तेव्हा व्यवहार मुख्य थ्रेडवरच ठेवला. डेटाबेसातली नोंद तेवढी एका रांगेत टाकायची आणि एक वेगळा थ्रेड ती क्रमाने लिहीत जाईल. सर्व्हर नीट बंद करताना रांग रिकामी होईपर्यंत थांबायचं. सर्व्हर कोसळला तर शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी जातील, हे तिघांनी समजून-उमजून मान्य केलं.

मेमरीची फेरवाटणी सोपी होती. हीप ८ जीबी, बफर पूल १ जीबी, बाकी लिनक्सला. हीप कमी केल्यावर जीसीवर लक्ष ठेवलं. थांबे तसेच राहिले.

व्हिलेजर आणि वाडा

आता शनिवारच्या मंदपणाकडे वळता येत होतं. पेपरची एक कमांड कोणत्या चंकात किती व्हिलेजर आहेत ते सांगते. सत्तरच्या आसपास व्हिलेजर एकाच ठिकाणी निघाले, आणि ते ठिकाण होतं सर्व्हरवरची सर्वांत देखणी इमारत : एका खेळाडूने बांधलेला दुमजली वाडा. मधे चौक, चारी बाजूंना सोपे, वर माडी. चौकात व्हिलेजर मोकळे फिरायचे, लोक तिथे येऊन त्यांच्याशी देवाणघेवाण करायचे. माडीवर पाहुण्यांच्या खोल्या आणि प्रत्येक खोलीत दोन-दोन पलंग. व्हिलेजर वर जाऊ नयेत म्हणून जिन्याला कुंपणाचं फाटक.

हे सगळं तिथे उभं राहून पाहिलं तेव्हा नमुन्यातल्या त्या पट्टीचा अर्थ लागला. व्हिलेजरला स्वतःचा पलंग लागतो. नसेल तर तो ४८ ब्लॉकांच्या परिसरात रिकामा पलंग शोधतो आणि तिथवर वाट आहे का ते काढून बघतो. तो लाकडी दार उघडतो, फाटक त्याला उघडत नाही. म्हणजे चौकातल्या प्रत्येक व्हिलेजरला माडीवरचे पलंग ‘दिसत’ होते आणि एकालाही पोचता येत नव्हतं. वाट सापडली की शोध लवकर संपतो. वाट नसली की चौकातली सगळी जागा धुंडाळूनच तो संपतो. अपयश आलं की खेळ पुढचे प्रयत्न लांबवत नेतो, पण सोडून देत नाही, आणि इथे सत्तर जण होते. अरुंद कोठडीत डांबलेल्या व्हिलेजरचं इतकं ओझं होत नाही, कारण त्याला धुंडाळायला जागाच नसते. मोकळा चौक ही मालकाची दयाबुद्धी होती आणि तीच महाग पडत होती.

पर्याय तीन होते. दूरच्या व्हिलेजरांचं चालणं, पेपर ज्यावरून निघालं त्या स्पिगॉटच्या सेटिंगमधून गोठवायचं. पण त्याने इतरांच्या लोखंडाच्या फार्मला धक्का बसतो, कारण ते फार्म व्हिलेजरांच्या घाबरण्या-झोपण्यावरच चालतात. दुसरा, माणशी व्हिलेजरांची मर्यादा. तिसरा, वाड्याच्या मालकाशी बोलणं. आम्ही तिसऱ्यापासून सुरुवात केली. तो म्हणाला, “दादा, ते पलंग शोभेचे आहेत, तिथे कुणी झोपतच नाही.” त्याला वाट शोधण्याचा नमुना दाखवला आणि स्वतःहूनच त्याने उपाय काढला. लाकडी फळ्यांवर रंगीत गालिचे अंथरून त्याने पलंगांची हुबेहूब जागा भरली. माडी पूर्वीसारखीच दिसते आणि खेळाच्या लेखी तिथे एकही पलंग नाही. वीसेक व्हिलेजर त्याने होडीत बसवून शेजारच्या वस्तीला देऊनही टाकले.

यानंतर सिम्युलेशन डिस्टन्स १० वरून ८ वर आणलं, ६ वर नाही. ८ ला २८९ चंक राहतात आणि बहुतेकांची शेतं त्यात बसत होती. ज्या एक-दोघांची बसत नव्हती त्यांना आधी विचारलं. प्रत्येक बदलाला एक संध्याकाळ दिली, म्हणजे कोणत्या बदलाने किती फरक पडला ते आकड्यांत वेगळं दिसलं. सर्वांत मोठी घट गालिच्यांनी झाली.

परिणाम

तितक्याच गर्दीच्या शनिवारी मध्यक ५६ वरून ३० च्या खाली आला, ९५ टक्के टिक ४० च्या आत बसले. सर्वांत मोठा टिक सव्वाशेच्या आसपास असतो. तो येतो कुणीतरी एलिट्रा हे पंख लावून अनोळखी प्रदेशात सुसाट उडतं तेव्हा, कारण नवे चंक घाईने तयार करावे लागतात. त्यावर चंकी या प्लगिनने नकाशा आधीच तयार करून ठेवायचा उपाय आहे. पण त्याला डिस्क लागते आणि जगाची सीमा आखावी लागते, आणि सीमा कुठे आखायची यावर खेळाडूंचं अजून एकमत नाही. १६ जीबीचा प्लॅन घेतला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

इशारे देणाऱ्या गोष्टी कमी नव्हत्या. लॉगमधली ओळ होती, ती २ सेकंदांनंतर येते. पेपरचा वॉचडॉग, म्हणजे सर्व्हर अडकला का यावर नजर ठेवणारा भाग, होता, तो मूळ सेटिंगला १० सेकंद थांबून मग बोलतो. मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग आहे, तो मुळात बंद असतो आणि चालू केला तरी त्याची मर्यादा १० सेकंदांची. माणसाला दीड सेकंद अडकलेलं दार लगेच जाणवतं आणि यांतल्या एकालाही ते जाणवत नाही. स्लो क्वेरी लॉग अर्ध्या सेकंदावर लावून ठेवला असता तर हे प्रकरण पहिल्या आठवड्यातच मिटलं असतं. आता तो तसा लावला आहे, आणि टिक मॉनिटर २०० मिलिसेकंदांवर कायम चालू असतो.

प्लगिनची चाचणी रिकाम्या टेबलावर झाली होती. रिकाम्या टेबलावर इंडेक्स नसलेली क्वेरीही क्षणात परत येते. लाखभर खोट्या ओळी भरून एकदा क्लिक केलं असतं तरी पुरलं असतं. तो मुलगा आता नव्या प्लगिनला तसंच करतो.

व्हिलेजरांची मर्यादा सुरुवातीलाच ठरवता आली असती का, यावर तिघांमध्ये अजून मतभेद आहेत. मला वाटतं, नाही ठरवली तेच बरं झालं. आकड्याचा नियम केला असता तर सत्तराचे चाळीस झाले असते, आणि ते चाळीस माडीवरच्या पलंगांची वाट शोधतच राहिले असते.

फोलियाचा विषयही निघाला होता. पेपरवाल्यांचाच हा प्रकल्प जगाचे भाग पाडून वेगवेगळे भाग वेगवेगळ्या थ्रेडवर चालवतो. पण जवळजवळचे चंक एकाच भागात येतात, आणि या सर्व्हरवर शनिवारी चाळीसपैकी तीस जण बाजारपेठेत आणि तिला लागून असलेल्या वाड्यात असतात. ते सगळे एकाच थ्रेडवर पडणार. वर बाजारपेठेचं प्लगिन त्यासाठी नव्याने लिहावं लागलं असतं, म्हणून तो विचार सोडला. वस्ती नकाशावर पांगली, आणि टिकचा मध्यक पुन्हा ४० च्या वर सरकला, तर तेव्हा तो पुन्हा काढायचा असं ठरलं आहे.